हयातीपर्यंत वहिवाट: वॉकर बहिणींच्या ओंडक्यांच्या घराचं प्रकरण

जानेवारी १९४१ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या पाच अविवाहित बहिणींनी आपली १२२.८ एकर जमीन सरकारला विकली. मोबदला ४,७५० डॉलर, म्हणजे एकरी एकोणचाळीस डॉलरला थोडा कमीच. पण त्या व्यवहारात त्यांनी एक अट पदरात पाडून घेतली. पाचजणींपैकी शेवटची हयात असेपर्यंत घर आणि शेत त्यांच्याच वहिवाटीत राहणार होतं. थोरल्या मार्गारेट तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या आणि सगळ्यांत धाकट्या हेटींनीही पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे ही मुदत फार लांब जाणार नाही, असाच हिशेब सरकारने केला असणार. ती तेवीस वर्षं चालली.

हे घर ग्रेट स्मोकी पर्वतातल्या लिटल ग्रीनब्रायर नावाच्या खोऱ्यात आजही उभं आहे. भोवती आहे ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान. वर्षाला एक कोटीहून जास्त लोक तिथे येतात, आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत सर्वाधिक गर्दी इथेच होते. अटलांटा किंवा शार्लटची मराठी मंडळी लाँग वीकेंडला उद्यानाच्या दारातल्या गॅटलिनबर्ग गावी जातात तेव्हा या घरापासून फार लांब नसतात. मेटकाफ बॉटम्सच्या पिकनिकच्या जागेवरून नदी ओलांडायची, वाटेत जुनी शाळा लागते, तिथून मैलभर चढ चालून गेलं की घर. त्यामानाने कमी लोक जातात. धबधबे आणि अस्वलं यांच्यापुढे रिकामं लाकडी घर बघण्यात कोणाला काय रस असणार?

मला मात्र या प्रकरणात रस आहे, कारण वारसा जपणे हे काम दिसतं तितकं सरळ नसतं हे इथे फार स्पष्ट दिसतं. इथे घर वाचलं आणि घरातली वहिवाट संपवली गेली. दोन्ही गोष्टी एकाच सरकारी यंत्रणेने केल्या आणि दोन्ही कायद्याला धरून केल्या.

घर कसं होतं

आधी बांधकाम पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याच भोवती फिरतो.

घर एका दमात उभं राहिलेलं नाही. मुख्य घर मार्गारेट यांच्या आजोळचं, म्हणजे किंग घराण्याचं. ते १८५०च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. त्याला जोडलेली स्वयंपाकाची खोली त्याहून जुनी. ती मुळात ब्राइस मॅकफॉल्स नावाच्या माणसाचं स्वतंत्र छोटं घर होती आणि नंतर मोठ्या घराला जोडली गेली. ओंडक्यांच्या घराचं हे वैशिष्ट्यच आहे. कोपरे खिळ्यांनी ठोकलेले नसून खाचांनी एकमेकांत बसवलेले असतात. त्यामुळे ओंडक्यांवर खुणा करून घर सोडवता येतं, ओढत नेऊन दुसरीकडे पुन्हा रचता येतं. पुढे पडवी निघाली, कोठार झालं, झऱ्यावर छप्पर आलं.

ओंडके ट्युलिप पॉपलर या झाडाचे. त्या डोंगरात हे झाड सरळसोट वाढतं, फांद्या फार वर फुटतात आणि लाकूड कुऱ्हाडीला नरम लागतं. गोल ओंडका तसाच वापरत नसत. दोन बाजूंनी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने तासून तो सपाट करत, म्हणजे भिंत आतून-बाहेरून उभी दिसते. या डोंगरातली खरी कारागिरी कोपऱ्यात असते. ओंडक्याच्या टोकाला अशी खाच घेतात की तिचा वरचा उतार बाहेरच्या बाजूला पडतो. वरच्या ओंडक्याचं वजन बसलं की सांधा आपोआप आवळतो, आणि भिंतीवर आलेलं पावसाचं पाणी सांध्यात न साचता बाहेर निथळतं. हा उतार उलटा पडला तर दहा-पंधरा वर्षांत कोपरा कुजलाच म्हणून समजा. ओंडक्यांमधल्या फटी दगड आणि मातीने लिंपलेल्या. चिमणी दगडाची, सांधे मातीचे. छपराला ओकच्या फळकुटांची शाकारणी. ही फळकुटं करवतीने कापत नाहीत. ओंडका उभा ठेवून, पातं लावून, वर मोगरीने ठोकून रेषेरेषेने चिरतात. करवत लाकडाचे धागे कापते आणि पाणी आत झिरपायला वाट करून देते. चिरलेल्या फळकुटाचे धागे अखंड राहतात, म्हणून पाणी वरून घरंगळून जातं.

हे सगळं माहीत असलेला माणूस हाताशी असेल तर घर शंभर वर्षं सहज टिकतं, आणि नसेल तर एका पिढीत बसतं. लिंपण दरवर्षी बघावं लागतं, फळकुटं ठरावीक वर्षांनी बदलावी लागतात, जमिनीलगतचा तळचा ओंडका कुजत नाही ना याच्यावर डोळा ठेवावा लागतो. कोकणातल्या जुन्या घराला वर्षाकाठी शाकारणी आणि सारवण लागायचं, तसाच हा प्रकार. राहणाऱ्याने हात आखडता घेतला की घर बोलायला लागतं.

अकरा मुलं आणि एक हक्कसोड

जॉन वॉकर हे यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले. टेनेसी राज्य दक्षिणेकडे गेलं होतं, पण पूर्वेकडच्या या डोंगरी भागात उत्तरेचे पाठीराखे बरेच होते. युद्धात ते पकडले गेले आणि शत्रूच्या तुरुंगात राहून आले. १८६६ मध्ये त्यांचं मार्गारेट जेन किंग यांच्याशी लग्न झालं आणि पुढे किंगांची ही जागा त्यांच्याकडे आली. त्यांना अकरा मुलं झाली, सात मुली आणि चार मुलगे. अकराच्या अकरा जगली. त्या काळात, त्या डोंगरात, रस्ता नसलेल्या खोऱ्यात हे सोपं नव्हतं. आईला झाडपाल्याच्या औषधांची चांगली जाण होती आणि शेजारपाजारची बाळंतपणंही ती करायची.

जॉन वॉकर हाताचे कसबी होते. कोठार, डुकरांचा गोठा, मांस धुरी देऊन टिकवायची खोली, भाता-ऐरणीचं छोटं लोहारकाम, सरकी काढायचं हाताने फिरवायचं लाकडी यंत्र, माग, खुर्च्या हे सगळं घरच्या घरी. झऱ्यावर बांधलेल्या खोपटात वाहत्या गार पाण्यात दूध-लोण्याची भांडी ठेवत. मेंढ्यांची लोकर आणि शेतातला कापूस घरातच कातला-विणला जाई. पण त्यांचा खरा जीव फळबागेत होता. सफरचंदांचे वीसएक प्रकार त्यांनी लावले होते. त्यांतली लिंबरट्विग आणि मायलम ही नावं त्या डोंगरातल्या जुन्या माणसांना अजून ठाऊक आहेत. १८८२ मध्ये खोऱ्यातली शाळा उभारली गेली, तीही ओंडक्यांची, आणि त्या कामाला त्यांनीही हात लावला. वॉकरांची मुलं तिथेच शिकली.

आई १९०९ मध्ये गेली, वडील १९२१ मध्ये. मुलगे लग्नं करून एकेक करत बाहेर पडले. मुलींपैकी एकट्या कॅरोलाइनचं लग्न झालं. सहाजणी घरी राहिल्या: मार्गारेट, पॉली, मार्था, नॅन्सी, लुईझा आणि हेटी. वडिलांनी जमीन धाकटा मुलगा जाइल्स आणि घरात राहिलेल्या मुली यांच्या नावे ठेवली होती. जाइल्सने आपला हिस्सा बहिणींना देऊन टाकला.

इथे मराठी वाचक थांबेल. आपल्याकडे हक्कसोडपत्रावर सही कोणाची असते हे वेगळं सांगायला नको. तलाठ्यापुढे बहीण उभी असते, साडीचोळी घेऊन अंगठा देते आणि सातबाऱ्यावर भावांची नावं राहतात. इथे भावाने हिस्सा सोडला आणि जमीन मोडायची टळली. घर टिकण्यामागे कसलेल्या सुताराचा हात जेवढा, तेवढाच या खातेफोड न झालेल्या जमिनीचाही वाटा आहे. अनेक वारसा-घरं पावसाने पडत नाहीत, वाटण्यांनी पडतात.

नॅन्सी १९३१ मध्ये गेल्या. उरलेल्या पाचजणी आई-वडिलांनी घालून दिलेल्या रीतीने जगत राहिल्या. मका, बटाटे, मेंढ्या, कोंबड्या, माग. साखर, सोडा, कॉफी आणि मीठ एवढंच बाहेरून आणावं लागतं, बाकी सगळं आमची जमीन देते, असं त्या सांगायच्या. भिंतींना आतून वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं खळीने चिकटवलेली असत. थंड वारा फटींतून आत येऊ नये म्हणून. आढ्याला बियाण्यांच्या पुरचुंड्या, वाळवलेली फळं आणि औषधी पाला टांगलेला. या खोलीचे जुने फोटो उपलब्ध आहेत. ते बघताना पलंगांच्या गर्दीआधी डोळ्यात भरतं ते हे लटकणारं सामान. छतापासून डोक्यापर्यंतची जागाही वापरात होती.

उद्यान येतं

अमेरिकेच्या पश्चिमेकडची बहुतेक मोठी राष्ट्रीय उद्यानं आधीच सरकारच्या ताब्यात असलेल्या जमिनीवर झाली. ती जमीन सरकारकडे कशी आली हा वेगळा आणि काळा इतिहास आहे. स्मोकीचं तसं नव्हतं. इथली सगळी जमीन खाजगी. बराचसा भाग मोठ्या लाकूड कंपन्यांचा, उरलेला शेतकऱ्यांचा आणि उन्हाळ्यात हवापालटाला येणाऱ्या शहरी लोकांचा. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, १९२६ मध्ये उद्यानाला मान्यता दिली, पण जमीन विकत घ्यायला पैसे दिले नाहीत. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांनी पैसा उभा केला, शाळेतल्या मुलांनी नाणी गोळा केली आणि १९२८ मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून पन्नास लाख डॉलर आले. १९३४ मध्ये उद्यान अस्तित्वात आलं.

वृक्षतोड थांबली हे चांगलंच झालं. कंपन्यांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले होते, त्यांच्या आगी लागत होत्या, ओढ्यांत गाळ येत होता. पण कंपनीच्या हजारो एकरांना जो भूसंपादनाचा कायदा लागू झाला, तोच वॉकरांच्या शंभर-सव्वाशे एकरांनाही. ज्यांनी खोऱ्यातली एक झाडी तोडून शेत केलं आणि उरलेलं रान शाबूत ठेवलं, ते आणि सगळं रान साफ करणारे एकाच यादीत. हजारभराहून जास्त जमीनमालकांना उठावं लागलं. चांदोली किंवा मेळघाटातून उठलेल्या माणसांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. वॉकर आणि किंग यांच्याही आधी हा मुलूख चेरोकी या तिथल्या मूळ आदिवासी लोकांचा होता. १८३८ मध्ये बहुतेक चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आलं आणि हजारो माणसं वाटेत मेली. काही जण डोंगरात राहिले आणि त्यांचे वंशज आज उद्यानाच्या नॉर्थ कॅरोलायनाकडच्या अंगाला राहतात. वॉकर बहिणींना मोबदला आणि हयातीची मुदत मिळाली. चेरोकींना संगीन मिळाली. दोन विस्थापनं सारखी नाहीत आणि सारखी म्हणून सांगूही नयेत. पण उद्यानातल्या ओंडक्यांच्या घरांपाशी उभं राहून ‘इथले मूळ रहिवासी’ असा शब्दप्रयोग कोणी केला तर दचकायला होतं.

बहिणींनी सुरुवातीला ठाम नकार दिला. शेजारी गेले, शाळा बंद झाली, बाजूची शेतं मोकळी पडली, तरी त्या हलल्या नाहीत. सप्टेंबर १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी न्यूफाउंड गॅप या खिंडीत उद्यानाचं अधिकृत लोकार्पण केलं. त्या दिवशीही या पाचजणी उद्यानाच्या हद्दीत आपल्या खाजगी जमिनीवर कणसं खुडत असतील. जबरीने जमीन घेण्याची टांगती तलवार डोक्यावर होती. शेवटी जानेवारीत सौदा झाला. मुदत हयातीची, पण उद्यानाचे नियम लागू. शिकार बंद, मासेमारी बंद, लाकूड तोडायला आणि गुरं चारायला आडकाठी.

कागदावर ही मोठी सवलत वाटते, आणि एका अर्थी होतीही. बाकीच्या बऱ्याच जणांपेक्षा त्यांची सुटका बरी झाली. पण ज्या घराला दर थोड्या वर्षांनी रानातून लाकूड लागतं आणि ज्या कुटुंबाचं वर्ष मेंढ्यांच्या चराईवर चालतं, त्याला ‘राहा, पण रानाला हात लावू नका’ असं सांगणं म्हणजे काय, हे कोणाही शेतकऱ्याला कळेल. घर आणि शेत हे एकच यंत्र होतं. कराराने त्याचे दोन तुकडे केले.

लुईझा कविता करायच्या. त्यांची आपल्या डोंगरातल्या घरावरची एक कविता प्रसिद्ध आहे. वाऱ्यापावसात काळवंडलेलं घर, वडिलांच्या हातची झाडं यांचं वर्णन करता करता मध्येच उद्यानाचे कमिशनर झकपक कपडे करून येतात आणि हे घर आता आम्हाला हवंय म्हणतात. त्यात राग आहे, पण रडगाणं नाही. साहेबाच्या पोशाखाची टिंगल करायला त्या विसरलेल्या नाहीत.

पाटी

एप्रिल १९४६ मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या लाखोंनी खपणाऱ्या साप्ताहिकात बहिणींवर मोठा सचित्र लेख आला. महायुद्ध नुकतंच संपलेलं, पेट्रोलचं रेशनिंग उठलेलं, लोक गाड्या काढून फिरायला निघालेले. काळ जिथे थांबलाय अशी जागा बघायची हौस शहरी माणसाला नेहमीच असते. रीघ लागली. उद्यानाने पाहुण्यांना वाट दाखवणारी पाटी हमरस्त्यावर लावली. ज्यांना उठवायला सरकार आठ-दहा वर्षांपूर्वी धडपडत होतं, त्याच आता बघायची गोष्ट झाल्या.

बहिणींनी हे कसं घेतलं? मला आवडतो तो भाग हा. त्यांनी तक्रार न करता दुकान मांडलं. हाताने विणलेले रुमाल, लाकडी खेळणी, सफरचंदाचं सारण भरून करंजीसारखे तळलेले ‘ॲपल पाय’, लुईझाच्या कविता. मेंढ्या आणि लाकडावर बंधन आलं, तर पाहुण्यांकडून चार पैसे. शिकलेल्या लोकांना हे ‘परंपरेचं बाजारीकरण’ वाटेल. मला ती साधी व्यवहारबुद्धी वाटते. जमिनीने द्यायचं बंद केलं ते रस्त्याने दिलं.

पण वय आडवं आलं. १९४१ नंतरच्या दहा वर्षांत तिघी गेल्या आणि मार्गारेट-लुईझा दोघीच उरल्या. १९५३ मध्ये त्यांनी उद्यानाच्या अधीक्षकांना पत्र पाठवलं. ते आजही वाचायला मिळतं. विरामचिन्हं नाहीत, शुद्धलेखन कानाला ऐकू येईल तसं. मजकूर असा: आमच्याबद्दलची पाटी कृपा करून काढा, हायवे ७३ वरची तर नक्कीच. आता आम्ही दोघीच राहतो, एक सत्तरीची, दुसरी ब्याऐंशीची. एवढे पाहुणे आले की घरचं काम होत नाही. पूर्वीसारख्या विकायच्या वस्तूही करता येत नाहीत, आणि लोक तर त्या अपेक्षेने येणार.

शेवटचं वाक्य नीट वाचण्यासारखं आहे. त्यांना फक्त गर्दीचा त्रास नव्हता. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायची लाज वाटत होती. माणसं म्हणून त्या पाहुणचाराच्या रीतीत बांधलेल्या होत्या, आणि उद्यानाच्या लेखी त्या प्रदर्शनातल्या वस्तू झाल्या होत्या. वारसास्थळात जिवंत माणूस राहत असेल तर त्याला दार लावायचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न आजही राजस्थानातल्या हवेल्यांपासून पुण्याच्या वाड्यांपर्यंत कोणी गंभीरपणे सोडवलेला नाही. त्या दोघींनी तो एका विनंतीअर्जात मांडला.

मार्गारेट १९६२ मध्ये गेल्या, लुईझा १९६४ मध्ये. वहिवाट संपली आणि घर पूर्णपणे उद्यानाच्या ताब्यात गेलं.

काय ठेवलं, काय मोडलं

इथून पुढची कहाणी संवर्धनाची, आणि ती वरवर पाहता यशाची आहे. १९७६ मध्ये घराची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. मुख्य घर, झऱ्याचं खोपट आणि मक्याचं कोठार एवढं टिकलं. मोठा गोठा गेला, बाकीच्या टपऱ्या गेल्या. घरातलं सामान, म्हणजे माग, भांडी, कपडे, अवजारं, उद्यानाच्या संग्रहात आहे. २०१६ पासून जवळच्या टाउनसेंड गावात त्यासाठी तापमान राखणारी स्वतंत्र इमारत आहे. २०२१ मध्ये घराच्या मजबुतीबद्दल शंका आल्याने ते लोकांसाठी बंद केलं गेलं आणि जुन्या पद्धतीची हत्यारं चालवू शकणाऱ्या कारागिरांकडून दुरुस्ती करून पुढच्या वर्षी उघडलं. याला लागणारा पैसा मोठा असतो आणि देणग्यांतून कायमचा निधी उभा करून तो मिळवला, हे कौतुकाचं आहे.

पण याच उद्यानाने इतरत्र काय केलं ते शेजारी ठेवून पाहावं लागतं. केड्स कोव्ह या शेजारच्या मोठ्या खोऱ्यात १९२०-३०च्या सुमारास बहुतेक लोक ओंडक्यांच्या घरात राहतच नव्हते. करवतीच्या फळ्यांची, रंग दिलेली, काचेच्या खिडक्यांची नवी घरं होती. उद्यानाने ती बहुतेक पाडली आणि ओंडक्यांची तेवढी ठेवली. आज पर्यटक गाडीतून फिरताना त्याला वाटतं की इथले लोक १९३४ पर्यंत असेच आदिम राहत होते. १९३०च्या दशकात चार्ल्स ग्रॉसमन यांच्यासारख्या स्थापत्यतज्ज्ञांनी या घरांची बारकाईने नोंद केली नसती तर कदाचित तेवढंही उरलं नसतं, हे मान्य. पण निवड झाली ती ‘अग्रेसर वसाहतकरी’ या चित्राला शोभेल अशी. वॉकरांचं घर त्या चित्रात चपखल बसलं. बहिणींनी चार फळ्या मारून रंग दिला असता तर ते आज असतं का, मला शंका आहे.

दुसरं उदाहरण उद्यानातल्याच एल्कमाँट या वस्तीचं. तिथे नॉक्सव्हिल शहरातल्या पैसेवाल्या मंडळींचे उन्हाळी बंगले होते. त्यांनाही हयातीची मुदत मिळाली. पुढे ती बदलून ठरावीक वर्षांची केली गेली, वाढवून घेतली गेली, आणि बहुतेकांची वहिवाट थेट १९९२ पर्यंत चालली. म्हणजे वर्षातले काही आठवडे मजेसाठी येणाऱ्यांना पन्नासहून जास्त वर्षं, आणि बारा महिने तिथे कसून खाणाऱ्यांची मुदत शेवटच्या श्वासापर्यंत. ओळखीपाळखी कोणाच्या होत्या ते वेगळं सांगायला नको.

अस्सलपणाचा मुद्दाही काढू. केंटकीत अब्राहम लिंकन यांच्या जन्मस्थळी ग्रॅनाइट आणि संगमरवराचं देवळासारखं स्मारक आहे आणि आत ओंडक्यांचं घर. वर्षानुवर्षं लोक तिथे टोप्या काढून उभे राहिले. २००४ मध्ये लाकडाच्या वाढीच्या कड्या मोजल्या तेव्हा त्यातला सर्वांत जुना ओंडका १८४८ चा निघाला. लिंकन १८०९ मध्ये जन्मले. आता उद्यान सेवा त्याला ‘प्रतीकात्मक’ घर म्हणते. वॉकरांच्या घराचं तसं नाही. तिथे ओंडके खरे आहेत, जागा खरी आहे, माणसांच्या नोंदी पक्क्या आहेत. पण छपराचं फळकूट न् फळकूट कितीदा तरी बदललेलं आहे, लिंपण नवं आहे. त्यात गैर काही नाही. असं घर बदलत राहूनच टिकतं. फरक इतकाच की पूर्वी ही दुरुस्ती वर्षाच्या कामात धरलेली असायची, आता तिच्यासाठी प्रकल्प, निधी आणि मंजुरी लागते आणि तोवर घर बंद ठेवावं लागतं.

यातून उद्यानाला दोष द्यायचा माझा हेतू नाही. १९६४ मध्ये त्यांच्यापुढे पर्याय कोणते होते? भाच्यांपैकी कोणी तिथे वीज-रस्त्याशिवाय राहायला आलं असतं का? कदाचित नाही. पण कोणी विचारलंही नाही, कारण करारात ती जागाच ठेवलेली नव्हती. आज अमेरिकेत काही वारसास्थळी राखणदार कुटुंब ठेवून दुरुस्तीच्या बदल्यात राहायला देतात. तेव्हा तसा एखादा करार झाला असता तर घर बंद करून दुरुस्त करायची वेळ कमी आली असती, असं मला वाटतं.

आणि पुढचा पैसा कुठे घालावा असं कोणी विचारलं, तर मी छपरावर नाही, बागेवर म्हणेन. इमारती उद्यानाच्या यादीत आहेत, त्यांना कारागीर आहेत, क्रमांक आहेत. जॉन वॉकरांची सफरचंदं मला ठाऊक असलेल्या कुठल्याच यादीत नाहीत, आणि उद्यानाच्या जंगल वाढू देण्याच्या धोरणात ती बसतही नाहीत. सफरचंदाचं बी लावून तोच प्रकार येत नाही, कलमच करावं लागतं. म्हणजे जुनं झाड मेलं की त्याची जातही त्या जागेवरून गेली. लिंबरट्विग, मायलम हे प्रकार दक्षिण ॲपलाचिया या डोंगराळ पट्ट्यातल्या जुन्या रोपवाटिकांत अजून मिळतात. घरासमोरच्या गवताच्या तुकड्यात दहा-बारा कलमं लावायला कुठलं नवं धोरण लागू नये. कोणी अर्ज केला तर अधीक्षकांना तो १९५३ च्या पत्रासारखाच फाईलला लावता येईल, किंवा या वेळी त्यावर काही करता येईल.